लाइट गेली, नेट गेलं आणि विकत घेतलेला गेमही गेला

प्रश्न: मी कळमनुरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. कॉलेजात असताना नांदेडच्या कॅफेत गेम खेळायचो, आता घरी चांगला पीसी घेतलाय. सेलमध्ये एक मोठा गेम विकत घेतला, तो उतरवण्यात चार रात्री गेल्या. आमच्याकडे लाइट गेली की नेटही जातं. पीसी इन्व्हर्टरवर चालतो, पण गेम एकट्यानं खेळायचा असूनही ‘सर्व्हरशी संपर्क नाही’ म्हणतो आणि बंद होतो. जुनी अस्सल सीडी टाकून बघितली, तीही चालेना. मित्र म्हणतो ग्राफिक्स कार्ड विकून टाक, क्लाउडवर, म्हणजे नेटवरून दूरच्या मशीनवर, खेळ. मुळात हे गेम विकत घ्यावेत का?

उत्तर: सर, आधी पीसीबद्दलची शंका डोक्यातून काढा. मशीन ठीक आहे, विंडोज ठीक आहे, गेमच्या सगळ्या फाइली तुमच्याच डिस्कवर आहेत. अडलंय ते परवानगीपाशी. सुरू होताना गेम कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरला विचारतो की हा माणूस खरा गिऱ्हाईक आहे का, आणि उत्तर आलं नाही की पैसे भरलेल्या माणसालाच बाहेर ठेवतो. माझ्या दुकानात पोरं कॅबिनेट उचलून आणतात, ‘काका, कार्ड गेलं का बघा’ म्हणतात. मी दुकानाच्या वायफायला जोडतो, गेम लगेच चालू होतो.

गोंधळ होतो कारण ही विचारणा एकाच ठिकाणी होत नाही. पहिली स्टोअरच्या ॲपची, म्हणजे स्टीम किंवा एपिकची. दुसरी गेम काढणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या लाँचरची, म्हणजे गेम उघडून देणाऱ्या ॲपची: ‘रेड डेड रिडेम्पशन २’ तुम्ही स्टीमवर पैसे भरून घेतला तरी मध्ये रॉकस्टारचा लाँचर उघडतो आणि त्याचं वेगळं अकाउंट मागतो. तिसरी डेनुव्होसारख्या कॉपी-संरक्षणाची. ते पहिल्यांदा चालवताना नेट मागतं, आणि पुढे मोठं अपडेट आलं किंवा प्रोसेसर बदलला की पुन्हा मागू शकतं. आणि चौथ्या प्रकारात गेमचं निम्मं कामच सर्व्हरवर चाललेलं असतं, तिथे आपण काहीही करू शकत नाही.

तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचं घोडं दुसऱ्या किंवा चौथ्या पायरीवर अडलंय. स्टोअरचा ऑफलाइन मोड फक्त पहिली पायरी ओलांडून देतो, आणि हे खरेदीच्या पानावर ठळकपणे कुणी सांगत नाही. ‘थर्ड पार्टी अकाउंट लागेल’ किंवा ‘डेनुव्हो आहे’ अशी बारीक चौकट बाजूला असते, किमतीच्या मानानं फारच बारीक.

नेटची खरोखर गरज असते का? काही गेमना असते. पण २०१३ च्या ‘सिमसिटी’चं उदाहरण लक्षात ठेवा. शहर बांधायचा, एकट्यानं खेळता येण्यासारखा गेम, पण कायम ऑनलाइन राहण्याची सक्ती. सुरुवातीच्या दिवसांत सर्व्हर कोलमडले आणि पैसे भरलेले लोक रांगेत बसले. गेमची घडणच अशी आहे की ऑनलाइनशिवाय जमत नाही, असं कंपनी सांगत होती. मार्च २०१४ मध्ये त्याच कंपनीनं अपडेट देऊन ऑफलाइन मोड चालू केला. ‘सिमसिटी’ येण्याच्या आदल्या वर्षी, मे २०१२ मध्ये, ‘डायब्लो ३’ या गेमच्या पहिल्या दिवशी सर्व्हर भरल्याच्या ‘एरर ३७’ या संदेशानं जगभरच्या लोकांना दारातच थांबवलं होतं. तेव्हा अमेरिकेतल्या माणसाला काही दिवस जे भोगावं लागलं, ते आपल्याकडे दर आठवड्याला भोगावं लागतं, एवढाच फरक.

कारण ही स्टोअरं बांधणाऱ्यांनी धरून चाललेलं असतं की लाइट आणि नेट कायम असतात. आपल्याकडे डीपी जळते, ती बदलून येईपर्यंत गाव अंधारात. रस्त्याच्या कामावरचा जेसीबी फायबर तोडतो, जोडणारा माणूस दुसऱ्या दिवशी येतो. तुमचा राउटर इन्व्हर्टरवर असेल, पण केबलवाल्याचा गावातला स्विच नसतो. म्हणून घरात उजेड असतो, राउटरचे दिवे लागलेले असतात आणि नेट मात्र बंद. केबलवाल्याशी बोलून बघा. त्याच्या स्विचला छोटी बॅटरी बसवली तर अर्ध्या गावाचा प्रश्न सुटतो, आणि हा खर्च तुमच्या पुढच्या गेमपेक्षा कमीच असेल.

आता आहे त्यात काय करता येतं ते सांगतो. स्टीमचा ऑफलाइन मोड नेट गेल्यावर शोधायचा नसतो, नेट असताना तयार करून ठेवायचा असतो. पासवर्ड लक्षात ठेवायची खूण लावा. गेमचं अपडेट पूर्ण होऊ द्या, अर्धवट अपडेट असलेला गेम उघडतच नाही. प्रत्येक गेम एकदा चालवून मेन्यूपर्यंत जाऊन या. मग स्टीमच्या मेन्यूतून ‘गो ऑफलाइन’ करा आणि राउटरची वायर काढून तोच गेम पुन्हा लावा. चालला तर तो लाइट गेल्यावरही चालणार. नवा गेम घेतला की ही परीक्षा पहिल्या तासाभरातच घ्या, त्याचं कारण शेवटी येईल.

चार रात्रींच्या डाउनलोडबद्दल. मोठ्या गेमना आता १५० जीबी जागा लागणं नेहमीचं झालंय. ३० एमबीपीएसचं कनेक्शन म्हणजे सेकंदाला जेमतेम पावणेचार एमबी, कारण एमबीपीएसमधला ‘बी’ बिटचा असतो आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. या हिशेबानं १५० जीबीला अकरा तास लागतात, तेही लाइन एकदाही न तुटता. मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीवर उतरवायचं म्हटलं तर पंचाहत्तर दिवस. एक पोरगा हॉटस्पॉटवर असंच करत होता. मी दर वेळी विचारायचो आणि तो ‘व्हायलंय की काका अजून’ म्हणायचा.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. २०२३ पासून स्टीममध्ये एकाच वायफायवरच्या दोन पीसींमध्ये गेम सरळ पाठवता येतो. दोन्हीकडे स्टीम चालू लागतं, थोडं नेट लागतं, पण जीबीचा डोंगर घरातल्या घरात सरकतो. सेटिंगमध्ये परवानगी दिली तर मित्राच्या पीसीवरूनही घेता येतो. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलवरची पोरं असंच करतात, एकजण उतरवतो आणि बाकीचे त्याच्याकडून घेतात. दोन पीसी एकत्र येत नसतील तर स्टीमच्या ‘कॉमन’ फोल्डरमधला गेमचा फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा, घरी त्याच जागी टाका आणि मग इन्स्टॉल दाबा. स्टीम आहेत त्या फाइली तपासतं आणि कमी असेल तेवढंच उतरवतं. एपिकमध्ये डाउनलोड सुरू करून थांबवायचं, फोल्डर टाकायचा आणि पुन्हा चालू करायचं. यात चोरी काहीच नाही. गेम तुमच्या अकाउंटवर घेतलेलाच असतो, फाइली कोणत्या वाटेनं आल्या याला महत्त्व नाही.

अपडेटचाही एक त्रास आहे. तीनशे एमबीचं अपडेट म्हणतात आणि हार्डडिस्क अर्धा तास गुरगुरत बसते, लोकांना वाटतं व्हायरस शिरला. गेमच्या फाइली मोठमोठ्या गठ्ठ्यांत बांधलेल्या असतात. आत दोन ओळी बदलल्या तरी अख्खा गठ्ठा नव्यानं लिहावा लागतो, म्हणून डाउनलोड छोटं आणि डिस्कचं काम प्रचंड. त्यासाठी मोकळी जागाही भरपूर लागते. गेम साध्या हार्डडिस्कवर ठेवलाय तर पहिल्यांदा एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, घ्या, रॅम नंतर. आणि एकट्यानं खेळायच्या गेमांना ‘चालवतानाच अपडेट कर’ ही सेटिंग लावा, म्हणजे तुम्ही शाळेत असताना तो परस्पर नेट खाणार नाही.

क्लाउड सेव्हबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण लाइटच्या खेळात सगळ्यात जास्त रडू तिथेच येतं. गेममधली तुमची प्रगती स्टोअरच्या सर्व्हरवर चढत असते. खेळताना नेट गेलं, तुम्ही पुढे खेळलात, आणि नंतर नेट आलं की स्टीम विचारतं, या पीसीवरचं ठेवू की क्लाउडवरचं? घाईत चुकीचं बटण दाबलं की दोन रात्रींचा खेळ पुसला जातो. तारीख-वेळ वाचल्याशिवाय दाबू नका. त्याहून बरं म्हणजे ‘लुडुसावी’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाका. कुठल्या गेमचं सेव्ह कुठल्या फोल्डरात पडतं ते त्याला माहीत असतं, ते सगळं गोळा करून पेनड्राइव्हवर ठेवता येतं.

जुनी सीडी का चालेना? त्या काळातल्या कित्येक डिस्कवर ‘सेफडिस्क’ किंवा ‘सेक्युरॉम’ नावाचं संरक्षण असायचं. सेफडिस्क विंडोजच्या फार आतल्या भागात ड्रायव्हर घालायचं, त्यातून मशीनमध्ये घुसता येतं असं निघालं, म्हणून विंडोज १० नं तो ड्रायव्हर घेणंच बंद केलं. सप्टेंबर २०१५ च्या सुरक्षा अपडेटनं विंडोज ७ आणि ८ वरही तो थांबवला. तुमची सीडी नेमकी कोणती ते न बघता छातीठोक सांगणार नाही, पण बहुतेक दुखणं हेच असणार. ड्रायव्हर जबरदस्तीनं चालू करायचे व्हिडिओ सापडतील, त्यांच्या नादी लागू नका. तोच गेम जीओजी नावाच्या स्टोअरवर सेलमध्ये स्वस्तात मिळतो का बघा.

म्हणजे ‘सीडीचा जमाना बरा होता’ हेही पूर्ण खरं नाही. ‘हाफ-लाइफ २’ २००४ मध्ये डिस्कवर आला तरी स्टीमवर नोंदवल्याशिवाय चालत नव्हता. डिस्क हातात आणि परवानगी दुसऱ्याकडे, हा प्रकार तेव्हाच सुरू झाला.

आता तुमचा मूळ प्रश्न, घ्यावेत का. आपण घेतो तो वापरण्याचा परवाना असतो. ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम पैसे भरण्याच्या पानावर हे स्पष्ट लिहितं, कॅलिफोर्नियाच्या नव्या कायद्यामुळे. तो कायदा नसता तर लिहिलं असतं असं मला वाटत नाही. परवाना गेला की काय होतं ते ‘द क्रू’ या गाड्यांच्या गेमनं दाखवलं. २०१४ चा गेम, त्यात एकट्यानं खेळायची मोठी गोष्ट होती, पण सगळं सर्व्हरवर टांगलेलं. ३१ मार्च २०२४ ला युबिसॉफ्टनं सर्व्हर बंद केले आणि ज्यांनी पूर्ण पैसे भरले होते त्यांचाही गेम संपला. पाठोपाठ लोकांच्या अकाउंटवरून परवानेही काढले गेले. त्यातूनच यूट्यूबर रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम काढली. युरोपात त्यांच्या अर्जावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांवर सह्या झाल्या. मागणी साधी आहे: सर्व्हर बंद करायचे तर करा, पण गेम चालत राहील अशा अवस्थेत सोडून जा.

‘जीटीए ४’चं प्रकरण तर गमतीशीर. त्यात मायक्रोसॉफ्टची ‘गेम्स फॉर विंडोज लाइव्ह’ ही सेवा गुंफलेली होती. मायक्रोसॉफ्टनं ती वाऱ्यावर सोडली, गेम चालू करायला लागणाऱ्या नव्या चाव्या, म्हणजे कोड, तयार होईनात, म्हणून जानेवारी २०२० मध्ये गेम स्टीमवरून विक्रीतूनच काढावा लागला. मार्चमध्ये परत आला, पण मित्रांबरोबर खेळायचा भाग कापून. स्टीमही याला अपवाद नाही. १ जानेवारी २०२४ पासून त्यांनी विंडोज ७ आणि ८ ला आधार देणं थांबवलं. आपल्याकडच्या कॅफेंत आणि घरांत विंडोज ७ ची मशीनं अजून धूळ पुसून वापरली जातात. त्यांच्यावर वर्षानुवर्षं चाललेला, विकत घेतलेला जुना गेमही आता स्टीममधून चालेल याची हमी नाही.

तरी मी ‘घेऊ नका’ म्हणणार नाही. २०१५ च्या नोव्हेंबरात स्टीमवर रुपयांत किमती आल्या आणि पैसे परत मिळण्याची सोयही त्याच वर्षी आली. त्याआधी डॉलरचं कार्ड कुणाकडे आहे ते शोधत फिरावं लागायचं. मी म्हणतो, घेण्याआधी बघा. ‘पीसीगेमिंगविकी’ नावाच्या संकेतस्थळावर जवळजवळ प्रत्येक गेमचं पान आहे. कुठल्या स्टोअरच्या प्रतीला नेट लागतं, कुठल्या प्रतीला काहीच लागत नाही, हे तिथे एका तक्त्यात असतं. पहिल्या पसंतीला जीओजी. तिथे गेमचा पूर्ण इन्स्टॉलर उतरवून हार्डडिस्कवर ठेवता येतो आणि एकट्यानं खेळायला पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही. ‘विचर ३’, ‘सायबरपंक २०७७’, ‘बाल्डर्स गेट ३’ असे मोठे गेम तिथे आहेत. स्टीमवरही काही गेमांना कसलंच बंधन नसतं, फोल्डरमधली फाइल दाबली की स्टीमशिवाय उघडतात. ‘स्टारड्यू व्हॅली’ तसा आहे, आणि आकारानं एक जीबीही नाही. तुम्ही कॅफेच्या काळातले, ‘एज ऑफ एम्पायर्स’ खेळलाच असाल, तर ‘झिरो ए.डी.’ बघा. संपूर्ण मोफत, मुक्त सॉफ्टवेअर, लॅनवर, म्हणजे जवळचे पीसी एकमेकांना जोडून, खेळता येतो, साध्या मशीनवर चालतो, आणि त्यात मौर्यांची सेनाही आहे. शाळेत कॉम्प्युटर असतील तर इतिहासाच्या तासाला लावा, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन.

पोरं म्हणतात ते मला माहीत आहे: क्रॅक केलेला, म्हणजे संरक्षण तोडून फुकट वाटलेला, गेम बिननेटचा चालतो, पैसे भरलेला चालत नाही, मग शहाणा कोण? या प्रश्नाला कंपन्यांकडे खरं उत्तर नाही, आणि मला त्यांचा रागच येतो. पण दुकानात फॉरमॅटला येणाऱ्या मशीनमध्ये क्रॅकसोबत काय काय आलेलं असतं ते मी बघतो. मेलचे आणि ब्राउझरमधले पासवर्ड उचलणारे प्रोग्रॅम आता नेहमीचे झालेत. पगाराचा मेल त्याच पीसीवर उघडत असाल तर त्या वाटेला जाऊ नका.

राहिला मित्राचा सल्ला. कार्ड विकू नका. क्लाउड गेमिंगमध्ये गेम दूरच्या मशीनवर चालतो आणि तुमच्याकडे फक्त चित्र येतं. फुल एचडीला २५ एमबीपीएस धरा, म्हणजे तासाला सुमारे ११ जीबी. वेग एक वेळ मिळेल, पण खरा प्रश्न वेळेचा आहे. गेम सेकंदाला साठ चित्रं काढतो, म्हणजे एका चित्राला साधारण सतरा मिलिसेकंद. तुमचं बटण सर्व्हरपर्यंत जाऊन चित्र परत येईपर्यंत त्यातली कित्येक निघून जातात. नांदेडला चांगल्या फायबरवर हे खपून जातं, बुद्धिबळासारख्या सावकाश गेमला तर कळतही नाही. तुमच्या गावात मोबाइलच्या रेंजवर पिंग, म्हणजे हा जाण्यायेण्याचा वेळ, एका मिनिटात पाच वेळा उड्या मारतो, तिथे बंदुकीचा गेम खेळणं म्हणजे शिक्षा. आणि लाइट गेल्यावर आज तुमचे निदान काही गेम तरी चालतील, क्लाउडवर एकही चालणार नाही. शिवाय सेवा टिकेलच असंही नाही. गुगलची ‘स्टेडिया’ नोव्हेंबर २०१९ ला निघाली, जानेवारी २०२३ ला बंद पडली, भारतात आलीच नाही. त्यांनी गेमचे पैसे परत केले हे मान्य करायला हवं, पण प्रत्येकजण गुगलएवढा श्रीमंत नसतो. महिनाभर एखादा नवा गेम चाखून बघायला क्लाउड भाड्यानं घेणं ठीक, मोठ्या फायबरच्या शहरात.

अर्धवट क्लाउडवरचे गेमही ओळखायला शिका. ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ पृथ्वीचा नकाशा खेळता खेळता सर्व्हरवरून ओढतो, कारण तो सगळा घरच्या डिस्कवर मावणारच नाही. तिथे नेटची गरज खरी आहे, आणि म्हणूनच नोव्हेंबर २०२४ ला नवी आवृत्ती आली तेव्हा सर्व्हर दबले आणि लोक लोडिंगच्या पडद्यावरच बसले. आवडता असला तरी आपल्या गावासाठी तो गेम नाही.

तुमच्या चार रात्रींच्या गेमचं काय करायचं? तुम्ही स्टोअरचं नाव लिहिलेलं नाही. स्टीम असेल तर खरेदीपासून चौदा दिवस झालेले नसतील आणि खेळलेला वेळ दोन तासांच्या आत असेल तर पैसे परत मिळतात, कारण काहीही असो. मात्र लाँचर उघडा ठेवून ‘कनेक्ट होतंय’ बघत बसलेला वेळही खेळलेला म्हणूनच मोजला जातो, म्हणून आता तो गेम पुन्हा पुन्हा लावून बघू नका, आधी लायब्ररीत किती मिनिटं दिसतात ते बघा. मुदतीत असाल तर आज रात्री नेट असतानाच अर्ज करा. मुदत गेली असेल तरी लिहा, ‘एकट्यानं खेळायचा गेम नेटशिवाय चालत नाही’ हे कारण देऊन. स्टोअरनं दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. २०२० चे ई-कॉमर्स नियम भारतातल्या गिऱ्हाइकांना नेमानं माल किंवा सेवा विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत, आणि त्यात तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं बंधन आहे. बिलाचा मेल, ‘सर्व्हरशी संपर्क नाही’ या संदेशाचा फोटो आणि गेमच्या विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा. विक्रीचं पान नंतर गुपचूप बदलू शकतं.